शेठच्या गादीवर फितूर झालेली जीभ

"चहा सांगा, सौदा झाला," शेठ मुनीमजींना म्हणाले. मी अजून हो म्हटलंच नव्हतं.

शेठ म्हणजे अमळनेरचे कांतीलालशेठ. घराणं मूळचं राजस्थानचं, जन्म इथलाच. मी धुळ्याचा, जुन्या मशिनरीचा व्यापारी. बंद पडलेल्या ऑइल मिलमधली यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. ऐंशीच्या दशकात असा माल बराच निघायचा. धंदा मला कुणी शिकवला नाही, हमाली करता करता शिकलो. राग मात्र जन्मापासून सोबत होता.

त्या दिवशी एक्सपेलरसाठी गेलो होतो. एक्सपेलर म्हणजे शेंगदाणे दाबून तेल काढणारं मशीन. देवपूरच्या गिऱ्हाइकाला मी शब्द देऊन बसलो होतो. त्याचं फाउंडेशन तयार, हंगाम तोंडावर, आणि चालू स्थितीतलं मशीन फक्त शेठकडे. मला ते मोटरसकट हवं होतं. शेठ म्हणत होते, मोटर वेगळी. मी मनातल्या मनात नमतं घ्यायला लागलो आणि नेमकं तेव्हाच त्यांनी चहा सांगितला.

हे नेहमीचंच होतं. एकदा असाच गिअरबॉक्स सोडून आलो होतो. माझी शेवटची तयारी कुठपर्यंत आहे, हे कोण फोडत होतं? मी तर ती कुणालाच सांगत नव्हतो. रागाने चहा न पिता उठलो.

घरी आलो. काय झालं ते न सांगता एवढंच म्हणालो, "चांगली खोड आहे शेठची."

बायको हसली. "आज बी शेठच जिकनात ना?"

"तुले कसं समजनं?"

तिने माझा 'च' मला ऐकवला. आपण 'चांगला' म्हणताना च दातांपाशी ठेवतो. शेठ तो 'चिमणी'तल्या 'च'सारखा म्हणतात. अमळनेरहून आलो की मीही तसाच म्हणतो, म्हणे. वर म्हणाली, "तुम्ही ज्याले मानतस, त्याना मायक बोलतस." म्हणजे त्याच्यासारखं.

मी भांडलो. मग आठवून पाहिलं. सुरतेच्या व्यापाऱ्याशी बोलताना माझे शब्द शेवटी लांबतात. सेल्स टॅक्सच्या साहेबाशी वाजलं, की मी मुद्दाम केल्यासारखा गावाकडचं बोलतो, डोळ्याचा 'डोया' होतो. समोरचा हवासा वाटला की जीभ त्याच्याकडे सरकते, नकोसा झाला की लांब पळते. म्हणजे मी नमायला लागलो हे शेठना माझी जीभच फोडत होती. सगळ्यांचं असं होत नाही. बायकोला धुळ्यात येऊन इतकी वर्षं झाली, तिच्या बोलण्यातला काना हललेला नाही. तिला सौद्याला नेलं असतं तर मी आज मिलमालक असतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अमळनेर गाठलं. ठरवलं होतं, आज कचेरीतल्या कारकुनासारखं बोलायचं. "आपल्या प्रस्तावावर मी विचार केला आहे. मोटरीशिवाय यंत्र घेणे शक्य नाही." एकेक शब्द इस्त्री केलेला.

शेठ गडबडले. फरसाण मागवलं. घरी कुणी आजारी आहे का विचारलं. मी "सर्व क्षेम आहे" म्हणालो, तेव्हा तर त्यांनी पंखा वाढवायला लावला. मुनीमजी वहीतून डोकं वर काढून माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी शेठ लोडाला टेकायचे सोडून पुढे सरकले. "नाना, तुमना मनमा काय शे, सांगा ना."

शेठ खान्देशी फक्त हमालांशी बोलायचे. माझ्याशी कधीच नाही. मी ओळखलं, आज त्यांची जीभ माझ्या अंगणात आली. फरसाणाला हात लावला नाही.

"मोटर यंत्रासोबतच हवी."

शेठनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "मोटर बी लई जा."

मला इतका आनंद झाला की मी मांडी घालून बसलो, बशी पुढे ओढली आणि म्हणालो, "चांगलं झालं, शेठ."

च थेट टाळूला चिकटला. मलाही ऐकू आला.

शेठ परत लोडाला टेकले. "हां, आता आमचे नाना बोलले. ट्रकचं भाडं आणि हमाली तेवढी तुमच्याकडे."

ती दोन्ही मी भरली. देवपूरचं मशीन वेळेत सुरू झालं, शब्द राहिला. पण भाडं शेठनीच द्यायला हवं होतं, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

नव्या पोरांना मी एकच सांगतो. सौदा झाला की तोंडात फरसाण भरायचं आणि ट्रक वेशीबाहेर पडेपर्यंत चावत राहायचं.