दाजींची साक्ष

दाजी पेटीवर बसले की आधी बायकांच्या बाजूला नजर टाकायचे. पहिल्या बाकावर अक्का दिसली, की मगच भाता हलायचा. ती दारात चपला काढत रेंगाळली असेल तर सगळं चर्च थांबायचं. पाळक घड्याळ बघायचे, ढोलकवाला बोटं मोडत बसायचा. बायका एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणायच्या, "ह्या वयात केवढी माया बाई!" मी खंजिरी मांडीवर घेऊन बसायचे. अक्का समोरच का लागते, ते मला चांगलं ठाऊक होतं. साक्षीच्या वेळी तिच्याकडे बोट दाखवता यावं म्हणून!

प्रभाकरदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. नांदेड-लातूरकडच्या चर्चमध्ये त्यांच्या गाण्याची सभा आहे म्हटलं की माणसं टेम्पो करून यायची. बिलोलीला एकदा ऐन सभेत वीज गेली. गड्यानं माइक बाजूला ठेवला आणि तसाच गात राहिला, तर रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा गाडा सोडून आत येऊन बसला. गाण्याआधी दोन केळी खायची, ही त्यांची खोड. केळ्यानं घसा बसतो असं सगळी दुनिया म्हणते. दाजी म्हणायचे, "अर्धापूरच्या केळानं न्हाई बसत. वंगण हाय ते, वंगण!" आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी त्यांना जीवही लावायचे आणि त्यांच्यावर दातओठही खायचे.

गाणी झाली की साक्ष. देवानं आपलं आयुष्य कसं पालटलं, ते सगळ्या सभेसमोर सांगायचं. दाजी तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे आणि वाजवून झालं की पीत बसायचे. तसंच पिऊन आल्यावर एकदा त्यांनी पेटीचं झाकण अक्काच्या कपाळात घातलं. पुढं दारू सुटली, चर्च धरलं, हात पुन्हा कधी उचलला नाही. सगळं खरं. पण दर सभेत ते रडत सांगायचे, "ह्याच पेटीचं झाकण, आणि ही बघा, हीच ती माउली!" अक्का उठायची, हात जोडायची, खाली बसायची. सभा हुंदके द्यायची. मग अनोळखी बायका येऊन तिच्या कपाळावरची खूण चाचपायच्या, बाजारात गाय पारखावी तशी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"दाजी, बास करा की आता," मी एकदा म्हणालेच.

"जखम झाकली की चिघळती, मेव्हणीबाई. उघडी ठेवली की वाळती."

अक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "जखम कुणाची? कपाळ तर माझं हाय."

दाजी खो खो हसले. त्यांना ती गंमत वाटली.

मग एस्तेरला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, उदगीरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, पोरीच्या मनात भरलेला. पाहुण्यांनी निरोप धाडला की लातूरच्या सभेला येतो, व्याह्यांचं गाणं ऐकतो आणि तिथंच काय ते सांगतो. एस्तेरचं जेवण सुटलं. बाप बायकोला मारायचा, हे बापानंच माइकवर सांगितल्यावर कोण होकार देणार?

जीपमध्ये अक्का म्हणाली, "आवं, आज साक्ष नगं. पोरीसाठी."

"काहून? लपवून पोरगी द्यायची का?"

"मी सांगते ना त्यांना. बाईबाईत सांगते."

दाजी केळं सोलत बाहेर बघत राहिले.

लातूरला चर्च गच्च भरलं होतं. अक्का सरळ मागच्या बाकावर, दारापाशी जाऊन बसली. तसं ती आजवर कधीच बसली नव्हती. दाजींनी पहिला बाक बघितला, दुसरा बघितला. भाता हलेना. मग माइकवरच म्हणाले, "सुमन, पुढं ये." शंभर माना वळल्या. अक्का उठली, पदर सावरत पुढं आली आणि मुलाच्या आईशेजारी बसली.

त्या दिवशी दाजी असे गायले, की बस! पण माझा ताल दोनदा चुकला. प्रत्येक गाणं संपलं की वाटायचं, आता. शेवटचं संपलं. दाजींनी चष्मा पुसला, चित्रीकरणासाठी लोकांचे मोबाइल वर झाले, आणि ते म्हणाले, "भावांनो, बहिणींनो, ह्याच पेटीचं झाकण..."

त्यांचं बोट उठायच्या आत अक्का उठली.

"थांबा. आज मी सांगते." तिला माइक लागलाच नाही. "ह्यांनी मारलं, ते खरं. दारू सुटली, तेबी खरं. ह्यांनी देवाची माफी मागितली, पाळकांची मागितली, नांदेडपासून हितपर्यंत समद्या चर्चात मागितली. माझी एकदाबी मागितली न्हाई."

दाजींचा हात भात्यावर तसाच राहिला. मग ते उठले आणि अनवाणी खाली उतरून बायकांच्या बाजूला आले. हात जोडले. काही बोलायला तोंड उघडलं, तसे सगळे मोबाइल त्यांच्याकडे वळले.

"हितं नगं," अक्का म्हणाली. "घरी चला. घरी बोला."

दाजी मान खाली घालून परत फिरले आणि त्यांनी पेटीचं झाकण लावलं. पाळकांनी घाईघाईत प्रार्थना उरकली. एस्तेर दारामागं रडत होती. मला वाटलं, संपलं सगळं, स्थळही गेलं. एवढ्यात मुलाची आई चपला शोधत अक्काजवळ आली. तिनं अक्काच्या कपाळाला हात लावला नाही, तिचा हात हातात घेतला. "पोरगी आमची झाली बघा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुम्ही बोलल्या, ते मला लई वर्षं बोलायचं होतं. जमलं न्हाई."

नांदेडला उतरल्यावर मी एस्तेरला माझ्याकडे नेलं. अक्का आणि दाजी घरात गेले आणि दार लागलं.

त्यानंतर दाजींनी साक्ष दिली नाही. लोक आग्रह करायचे, रुसायचेसुद्धा. दाजी म्हणायचे, "गाणी ऐका. साक्ष घरी देऊन आलो मी." अक्का मग मनाला येईल त्या बाकावर बसायची, कधी यायचीच नाही. दाजी एकदा बायकांच्या बाजूला बघायचे आणि ती असो-नसो, पेटी सुरू करायचे.

गेल्या वर्षी दाजी गेले. मातीला गावोगावची माणसं आली. पाळक म्हणाले, अक्कानं दोन शब्द बोलावेत. तिनं मानेनंच नको म्हटलं. सगळे गेल्यावर ती पेटी पुसत बसली होती. पदर खांद्यावर होता आणि कपाळ उघडं. इतकी वर्षं जिभेवर असलेलं मी शेवटी विचारलंच, "अक्का, त्या दिवशी घरी काय बोलले गं दाजी?"

तिनं झाकण हळूच लावलं. "ते घरातलं हाय," ती म्हणाली.