थोरल्या साडूंची खोली रिकामी होते

आमच्या थोरल्या साडूंइतका देवदेवतांना शिस्त लावणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचा पत्ता कृपा करून मला देऊ नका. मला एक पुरे आहे. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आम्हा सगळ्यांच्या अक्काचे, यजमान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासायची नोकरी केली. यंत्रावरून उतरलेला भाग केसभर जरी कमीजास्त भरला, तरी तो बाजूला काढायचा आणि त्यावर लाल फुली मारायची, हे त्यांचं काम. दिवसभर लोखंडावर फुल्या मारून घरी आले, की आंघोळ करून ते साधनेला बसत. बाकीचे लोक साधनेला बसतात तेव्हा त्यांच्या हातात माळ असते. ह्यांच्या एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात केसभर फरक मोजणारा व्हर्नियर. तांबटाकडून करून आणलेलं देवीचं यंत्र आधी मोजलं जाई, मग पूजलं जाई. एकदा त्यातल्या एका त्रिकोणाचं टोक वर्तुळाला नीट टेकत नव्हतं, म्हणून साडू भर उन्हात तांबटाच्या दारात जाऊन उभे राहिले. तांबट म्हणाला, "साहेब, देवीला चालतंय की एवढं." साडू म्हणाले, "देवीला चालत आसंल, मला चालत न्हाई," आणि त्याच्या डोळ्यांदेखत यंत्रावर लाल फुली मारली. देवीच्या यंत्रावर फुली पाहून त्या तांबटाला घाम फुटला. त्यानं नवीन यंत्र करून दिलं, आणि त्यानंतर साडू गल्लीत दिसले की तो दुकानाचं दार ओढून घ्यायला लागला.

साधनेसाठी त्यांनी घरातली खालची खोली अडवली होती. तिथं कुणी जायचं नाही, झाडायचं नाही, डोकावायचंही नाही. जमिनीवर तांदळाच्या पिठाचं रिंगण काढून साडू आत बसत. आत शिरताना एक मंत्र, बाहेर पडताना आठही दिशांची रीतसर परवानगी. मधेच दारावर गॅसवाला आला तर तो बाहेर बोंबलतोय आणि हे आत नैर्ऋत्येला विनंती करतायत, असा प्रकार चाले. एकदा शेजारच्यांचं मांजर खिडकीतून उडी मारून थेट रिंगणात उतरलं. दुसऱ्या कुणीही त्याला हाकललं असतं. साडूंनी त्याच्यावर पाणी शिंपडलं, कपाळाला भस्म लावलं आणि मांडीवर दाबून धरलं. दुपारी अक्का दाराबाहेरून ओरडली, "अवो, त्या मांजराला सोडा की, शेजारीण हुडकाया लागलीया!" आतून उत्तर आलं, "आत आलंय म्हंजे बसल्यालं हाय. विधी पुरा झाल्याबिगर सोडता येत न्हाई." पुढं विधी पुरा झाला आणि मांजराला वाटीभर दुधाची दक्षिणा देऊन निरोप देण्यात आला. तेव्हापासून ते मांजर रोज वेळेवर साधनेला हजर राहू लागलं.

एक मात्र खरं, कुणाचं वाईट करायचं काम त्यांनी कधी घेतलं नाही आणि कुणाकडून चहाच्या पलीकडे काही घेतलंही नाही. त्यांचा सगळा जोर आपल्या माणसांचं रक्षण करण्यावर, आणि आपल्या माणसांत दुर्दैवानं मी पहिला. शाहूपुरीत माझं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. त्या दुकानाच्या भरभराटीसाठी साडूंनी एक यंत्र सिद्ध करून आणलं आणि ते बरोबर उत्तरेला तोंड करून बसावं म्हणून माझा काउंटरच फिरवला. तेव्हापासून माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला आडवं होऊन शिरावं लागतं. मी तक्रार केली तर म्हणाले, "साडूभाऊ, आडवं येऊ द्या, पर येतंय न्हवं?" जरा जाड असलेली गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात आणि मी त्यांच्याकडे बघत बसतो.

ह्या वर्षी अक्काचा गुडघा अगदीच गेला. शस्त्रक्रिया ठरली आणि डॉक्टरांनी बजावलं की पुढं जिना चढायचा नाही, झोपायचं खाली. खाली झोपण्याजोगी एकच खोली. अक्का आयुष्यभर ज्या खोलीच्या दारातून माघारी फिरली, ती खोली तिनं पहिल्यांदाच मागितली. साडूंनी एका शब्दानंही वाद घातला नाही. "रिकामी करतो," म्हणाले. मला वाटलं, चार पोती भरली की काम झालं, आणि माझ्याकडं गाडी असल्यामुळं मी आपण होऊन म्हणालो, "मी येतो रविवारी." एवढं एक वाक्य तोंडातून गेलं नसतं तर माझे पुढचे सगळे रविवार वाचले असते.

कारण साडूंच्या शास्त्रात काही टाकायचं नसतं, सोडायचं असतं. बसवलेल्या प्रत्येक देवतेला आधी हाक मारायची, केलेल्या कामाबद्दल आभार मानायचे, काहीतरी गोड खाऊ घालायचं आणि मग जायला सांगायचं. "कामगाराला काढताना बी नोटीस देत्यात," साडू म्हणाले, "हितं तर देवता हाय." कागदावरचे मंत्र फाडायचे नाहीत, पाण्यात भिजवून शाई सुटू द्यायची. मंतरलेले खिळे मिठाच्या पाण्यात निववायचे. होमाची राख झाडाच्या मुळाशी. आणि दोरे! घरातल्या प्रत्येकाच्या नावानं, प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक परीक्षेला त्यांनी काळे-तांबडे दोरे मंतरून ठेवले होते. त्यांच्या गाठी ज्या क्रमानं मारल्या त्याच्या बरोबर उलट क्रमानं हातानं सोडायच्या. मी, माझी बायको आणि साडू असे आम्ही फरशीवर बसून गाठी सोडत होतो आणि माझी नखं मोडत होती. एक गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा माझ्या बायकोनं पर्समधली कात्री काढून ती सरळ कापली. साडूंनी दोऱ्याचे दोन्ही तुकडे हातात घेतले, शांतपणे एकमेकांना बांधले आणि तिच्यापुढं धरले. "आता सोडा," म्हणाले. माझी बायको त्यांची मेहुणी असल्यामुळं तिनं त्यांना जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. पण गाठ तिनं सोडली.

मग पाण्याचा प्रश्न आला. साधं नळाचं चालेना, नृसिंहवाडीचं संगमाचंच पाहिजे. गेलो. घाटावर साडूंच्या हातातली पिशवी बघून फुलं विकणारी बाई आधीच गरजली, "ओ पावणं, नदीत काय बी टाकायचं न्हाई हां!" साडूंचा असा अपमान कुणी केला नव्हता. "टाकाय न्हाई आलो बाई, पाणी न्याय आलोय," म्हणत त्यांनी पिशवीतून रिकामा कॅन काढला, भरून घेतला आणि दत्ताला नमस्कार करून आम्ही परत आलो. वाटेत तो कॅन माझ्या गाडीत आडवा झाला. सगळ्या देवता त्यांच्या बादलीत आणि मग नारळाच्या बुंध्यात मुक्त झाल्या. माझ्या गाडीला मात्र अजून कुबट वास येतो.

खोली रिकामी झाली, चुना मारून झाला, आणि साडू अडकले. पलंग आणू देईनात. आज अमावास्या आहे, उद्या दिवस बरा नाही, परवा अजून एक काम राहिलंय. शस्त्रक्रियेचा दिवस जवळ येत चालला आणि अक्का रोज बुडावर सरकत जिना उतरत होती. माझं डोकं फिरलं. ते दुकानात आले तेव्हा मी फटकारलं, "अहो साडू, त्या बाईचे हाल दिसत नाहीत का तुम्हाला? काय राहिलंय अजून?"

ते आडवे होऊन आत आले आणि स्टुलावर बसले. डब्यातली पेनं एका रांगेत लावली. मग म्हणाले, "तिचंच ऱ्हायलंय."

मुलं लहान असताना अक्काला टायफॉइड झाला होता आणि तो उलटला होता. दवाखान्यात डॉक्टरांवर हात टेकायची वेळ आली होती. त्या दिवसांत साडूंनी तांब्याच्या एका पत्र्यावर अक्काच्या नावाचं कवच सुईनं बारीक कोरलं, आणि कुणाला न सांगता ते देवघरात, देवांच्या खाली सरकवून ठेवलं. सांगितलं तर त्याची ताकद जाते, असा त्यांच्या गडहिंग्लजच्या गुरूंचा दंडक होता. अक्का बरी झाली. पण त्याच गुरूंचा दुसरा दंडकही होता, की साधना मिटवायची तर सगळी मिटवायची. एकच काम मागं ठेवलं तर तेच उलटतं.

"सोडायला पायजे," साडू म्हणाले, "आन् सोडलं आन् ती टेबलावरनं उठलीच न्हाई तर? तिला मी धरून ठेवलंय हो इतकी वर्सं." जन्मभर लोखंडावर फुल्या मारलेला तो माणूस माझ्यासमोर खांदे पाडून बसला होता. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांना पाणी दिलं, कारण दुसरं काय द्यावं ते मला सुचलं नाही. मग म्हणालो, "चला, मी येतो बरोबर. आजच सोडू."

घरी अक्का देवघरासमोर खुर्चीत बसून वाती वळत होती. साडूंनी एकेक देव उचलून पाटावर ठेवला आणि खालचा पत्रा काढला. उजेडात धरला. उलटा केला. चष्मा पुसून पुन्हा धरला. पत्रा दोन्हीकडून लखलखीत कोरा होता.

"ह्यावर लिव्हल्यालं कुठं गेलं?" त्यांचा आवाज फुटला.

"कशावर? ह्यो पत्रा व्हय?" अक्का म्हणाली. "ह्याला मी दर सणाला चिंच लावून घासती की. देवाखालचा पत्रा काळा ठिवू व्हय?"

साडू मटकन खाली बसले. मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. ज्या गोष्टीला ते इतकी वर्षं जिवापाड जपत होते, ती चिंचेच्या कोळात केव्हाच वाहून गेली होती. अक्का स्वतःच्या बळावर जगली होती, रांधत होती, भांडत होती, आणि त्यांनी तिला कुठंही धरून ठेवलेलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता त्यांना. पण इतकं एकटं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अक्कानं वाती बाजूला ठेवल्या. "काय लिव्हलं हुतं त्यावर?"

साडूंनी सांगितलं. दवाखाना, सुई, गुरूंचा दंडक, सगळं सांगितलं. सांगताना एकदाही त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ती ऐकत राहिली. एवढ्या वर्षांत त्या खोलीवरून ती त्यांना किती बोलली असेल त्याला गणती नाही. त्यामुळं आता ती काय बोलते म्हणून मी जीव मुठीत धरून उभा होतो.

ती वाकली, त्यांच्या हातातला पत्रा घेतला, पदरानं पुसला आणि परत त्यांच्या हातात ठेवला.

"मग परत लिवा की," म्हणाली. "पर माझ्या एकटीचं नको. तुमचं बी नाव घाला. मी ऱ्हायली आन् तुम्ही गेला तर मी काय करू?"

सगळ्या शास्त्राच्या बाहेरचं होतं हे. साडू नियम सांगतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी सुई मागितली. नजर आता अधू झालीय त्यांची, म्हणून पत्रा मी डोळ्यांजवळ धरला, आणि अक्का मान पुढं करून बघत राहिली. दोन्ही नावं वाकडी आली. एक तर पार दुसऱ्यावर चढलं. साडूंनी पत्रा उजेडात धरून पाहिला आणि तसाच देवांच्या खाली सरकवला.