हलगीला दुसरा माणूस कोण?

आमच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त होतात, असं माझ्या घरच्यांचं म्हणणं आहे. काम संध्याकाळी संपतं. किस्से मी बसमधून रावेतपर्यंत घरी आणते. नवरा तर आता "आज पानसे साहेब काय म्हणाले?" असं विचारल्याशिवाय ताटावर बसत नाही. एक सांगून होईपर्यंत दुसरा तयार असतो, त्याला मी तरी काय करू?

ऑफिस म्हणजे काय, तर महाळुंग्यात गाड्यांचे पार्ट बनवणारी आमची कंपनी. तिच्या सीएसआर फंडातला एक छोटासा वाटा आसपासच्या गाण्याबजावण्याला आणि कला शिकवण्याला अनुदान म्हणून जातो. कमिटी कागदावर मोठी आहे, पण अर्ज आला की बघायला जातो आम्ही दोघंच. मी आणि पानसे साहेब. साहेब क्वालिटी विभागाचे प्रमुख होते. ते रिटायर झाले, त्यांच्यातली क्वालिटी काही रिटायर झाली नाही.

* * *

निगडी प्राधिकरणातल्या महिला भजनी मंडळानं हार्मोनियमसाठी अर्ज केला होता. मंडळाच्या प्रमुख सुमनकाकू. आम्ही गेलो तर सगळ्याजणी नटून, टाळ घेऊन बसलेल्या. दोन अभंग झाले. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमच्याकडे रिजेक्शन किती?"

मी खाली बघितलं. पण सुमनकाकू कसल्या गडबडतात! म्हणाल्या, "दोघींना काढलं. मोबाइल बघत बघत गायच्या."

"मग त्यांचं पुढे काय केलं?"

"प्रसादाच्या स्वयंपाकाला घेतलं. तेव्हापासून गर्दी वाढलीय."

साहेब खूश झाले. नापास झालेला पार्ट दुरुस्त करून पुन्हा कामाला लावणं, म्हणजे रिवर्क, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. परत येताना गाडीत त्यांनी अहवाल लिहायला घेतला. मी डोकावून बघितलं. गाण्याबद्दल एक ओळ नव्हती. लिहिलं होतं, "रिवर्कची पद्धत उत्तम. अनुदान द्यावे."

* * *

ह्याच मंडळाचा दुसरा किस्सा. हार्मोनियम आली, वाजायला लागली आणि मग हेड ऑफिसचा मेल आला, की अनुदानाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो पाठवा. आधीचा फोटो कोणी काढला होता? मी सुमनकाकूंना फोन करून अडचण सांगितली. "काही काळजी करू नकोस गं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. एकात सगळ्याजणी हार्मोनियमभोवती हसत बसलेल्या. दुसऱ्यात हार्मोनियम पडद्यामागे आणि सगळ्याजणी दुःखी. इतक्या दुःखी, की जणू त्याच सकाळी सगळ्यांच्या घरचं पाणी गेलं होतं. मागच्या रांगेतल्या एका काकूंना मात्र हसू आवरलं नव्हतं.

हेड ऑफिसला फरक ठळक दिसला. फक्त एक शंका आली: दोन्ही फोटोंत साड्या त्याच कशा? मी घाबरत घाबरत सुमनकाकूंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "साडीला अनुदान कुठं दिलंत?"

* * *

आता उत्तमनाना. आमच्या ऑफिसात नानांचे किस्से सांगताना सगळे जरा जपून सांगतात, कारण सांगता सांगता कोणाचा तरी आवाज बदलतो.

नाना लातूरकडचे. इथे फोर्जिंग शॉपमध्ये घणाच्या मशीनवर उभं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर महाळुंग्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी ते कंपन्यांतल्या पोरांना हलगी शिकवायला लागले. त्यासाठी त्यांना नव्या हलग्या हव्या होत्या.

अर्ज बघताना साहेबांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "नाना, दुसरा माणूस कोण?"

हा साहेबांचा लाडका नियम. कारखान्यात मशीन कोणाला येतं, आणि तो नसेल तर दुसऱ्या कोणाला येतं, याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. साहेबांनी तोच नियम अनुदानाला लावला होता. पहिल्या वर्षी नुसतं शिकवा. दुसऱ्या वर्षी मदत हवी असेल, तर तुमच्या जागी पुढे उभा राहून वाजवेल असा एक माणूस दाखवा. नाहीतर नाना थकले की शेड बंद, हलग्या खुंटीला.

नाना म्हणाले, "पोरं ठेका धरत्यात, साहेब. पन म्होरं हून वाजवणं अजून जमत न्हाई त्यांला. शिफ्टा बदलत्यात, गाव बदलत्यात, टिकतंय कोन? जमंल ते एकीलाच. माजी पोरगी, प्रज्ञा. शाळंत होती तवा माज्याहून साफ वाजवायची. मंग सोडली ती सोडलीच."

"का?"

"तिलाच इचारा," म्हणाले. पहिल्या वर्षाचं अनुदान मंजूर झालं. दुसऱ्या माणसाच्या रकान्यात साहेबांनी पेन्सिलीनं छोटीशी रेघ मारून ठेवली.

* * *

कंपनीच्या वर्धापनदिनाला कॅन्टीनमध्ये नानांचा कार्यक्रम ठेवला. हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. कातडं तापून ताणलं गेलं, की मगच ती खणखणीत बोलते. नानांनी स्टेजमागे चार काटक्या आणि कागद गोळा केले आणि काडी ओढली.

आमचे सेफ्टी ऑफिसर भोईटे कुठून उगवले कोण जाणे. "बंद! आधी बंद! कंपनीच्या आवारात उघडी आग? हॉट वर्क परमिट कुठंय?"

नानांनी काडी विझवली. त्यांना ह्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांचंही आयुष्य कारखान्यातच गेलेलं. म्हणाले, "द्या की मंग परमिट."

भोईटे भला माणूस. त्यांनी खरंच परमिट आणलं. कामाचं स्वरूप: हलगी शेकणे. पण आग काही पेटू दिली नाही. मेंटेनन्समधून गरम हवेची गन मागवली, दोन माणसं अग्निशामक घेऊन उभी केली आणि नानांनी एकेक हलगी त्या हवेपुढे फिरवून शेकली.

मग नानांनी पहिला हात मारला. अख्खं कॅन्टीन दणाणलं. भोईट्यांनी मोबाइलवर आवाज मोजला, मान हलवली आणि खोकं उघडून सगळ्यांना इअरप्लग वाटले. डायरेक्टरांपासून कॅन्टीनच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी हलगी कानात बोळे घालून ऐकली.

थोड्या वेळानं मी बघितलं, तर भोईट्यांनी आपला एक बोळा हळूच काढून खिशात टाकला होता.

* * *

प्रज्ञाला भेटायला मी त्यांच्या घरी गेले. ती चाकणच्या एका कंपनीत लाइन इन्स्पेक्टर आहे. घर छोटं, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिनं चहा केला, समोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. गावात आजोबांच्या हलगीशिवाय वरात हलायची नाही. आणि जेवणं सुरू झाली की आजोबा मांडवाबाहेर, उन्हात. ताट लांबून सरकवायचे. मला वाटायचं, ते जुन्या काळातलं असेल. मग दहावीच्या सुट्टीत बाबांबरोबर गावच्या एका लग्नाला गेले, तर बाबांनाही तसंच. त्या दिवशी सोडली. तुम्हाला त्यात कला दिसते. मला मांडव दिसतो."

नाना दारात उभे होते. म्हणाले, "खोटं न्हाई बोलत ती. पन वाद्याचा काय गुन्हा, बाई?"

"वाद्याचा नाही, बाबा," ती म्हणाली.

मी चहा संपवून निघाले. ऑफिसात येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिचं बरोबर आहे. तिला पुन्हा विचारायचं नाही."

आणि पुढच्या रविवारी स्वतःच शेडमध्ये हजर झाले. दुसरा माणूस व्हायला! नानांनी त्यांना हलगी वाजवायच्या काड्या कशा धरायच्या ते दाखवलं. साहेबांनी वाजवलं. पोरांनी हसू लपवायला तोंडं फिरवली. महिनाभर साहेब एकही रविवार चुकले नाहीत आणि ठेका एकदाही बरोबर आला नाही.

शेवटी नाना फार अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमी ऐकायला बसा. ऐकणाराबी लागतोच की."

साहेब हा किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगतात. वर म्हणतात, "मला रिवर्कलाही घेतलं नाही हो."

ह्या नोकरीत पगार बेताचा आहे आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा जन्म जातो. पण एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये हरायला जातो, हे मला बघायला मिळालं. मी ह्या लोकांची ऋणी आहे, हे एकदा सरळ सांगून टाकते.

* * *

वर्षाअखेरीला निगडीच्या एका हॉलमध्ये अनुदान मिळालेल्या सगळ्यांचा कार्यक्रम होता. मुंबईच्या हेड ऑफिसमधून एक मॅडम आल्या होत्या. पुढच्या वर्षी कोणाला मदत सुरू ठेवायची, ते त्याच ठरवणार होत्या. नानांच्या नावापुढे अजून ती पेन्सिलीची रेघच होती.

नानांचा नंबर शेवटचा. स्टेजवर जाताना मला म्हणाले, "पोरगी न्यायला येणार हाय. फर्स्ट शिफ्ट सुटली की निघंल. नुसतं न्यायला बरं का, वाजवायला न्हाई."

नाना पुढे, मागे ठेका धरणारी पोरं. काय वाजवलं नानांनी त्या दिवशी! सुमनकाकूंचं मंडळ बसल्या जागी डोलत होतं. दिलेला वेळ संपला. मी विंगेतून हात केला. नानांनी मान हलवून नाही म्हटलं. वाजवतच राहिले. मॅडमनी घड्याळ बघितलं. नानांचा शर्ट घामानं चिंब झालेला, उजवा हात खाली यायला लागलेला. मी पुढे होऊन म्हटलं, "नाना, बास आता."

ते वाजवता वाजवताच म्हणाले, "रिलीव्हर आल्याबिगर मशीन सोडायची न्हाई."

मला काही कळेना. साहेब माझ्यामागे येऊन उभे होते. म्हणाले, "फोर्जिंगचा नियम आहे तो. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत हलायचं नाही. मशीन थंड पडतं."

तेवढ्यात मागच्या दारातून प्रज्ञा आली. कंपनीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, पायात सेफ्टी शूज, थेट बसमधून उतरून. ती दारातच थांबली. बापाकडे बघत राहिली. मग खुर्च्यांमधून चालत स्टेजपर्यंत आली आणि खालूनच म्हणाली, "बाबा, थांबा की आता."

नानांनी पुन्हा मानेनंच नाही म्हटलं. ठेका चुकत नव्हता.

प्रज्ञा वळली. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी ठेवलेली, पांढरं कापड चढवलेली एक खुर्ची तिनं उचलली. आमचा एक माणूस "ताई, ती पाहुण्यांची" म्हणत पुढे झाला, त्याला साहेबांनी हातानंच अडवलं. प्रज्ञानं खुर्ची स्टेजवर नेली, अगदी मधोमध मांडली आणि म्हणाली, "आधी इथं बसा. मग चार्ज घेते."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. मग बसले. मागच्या पोरांनी ठेका सोडला नव्हता. प्रज्ञानं नानांच्या खांद्यावरून हलगी काढली, आपल्या खांद्यावर घेतली, क्षणभर ऐकलं आणि हात टाकला. सगळा हॉल एकदम ताठ झाला.

नाना खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. मग त्यांची नजर लेकीच्या पायांकडे गेली. वाद्य घेताना पायात काही ठेवत नाहीत, हे त्यांनी शेडमधल्या प्रत्येक पोराला शिकवलेलं. पुढे वाकून ते दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, बूट तरी काढ."

प्रज्ञा हात न थांबवता म्हणाली, "बाबा, ड्यूटीवर बूट काढत नाहीत."