माळ, बकरी आणि पुढची खुर्ची

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात परवा एका फुलवालीने पाटीतला झेंडू पोत्यावर ओतला आणि त्याचा उग्र, किंचित कडवट वास नाकात शिरला. इतरांना या वासाने दसरा आठवतो, लग्नाचे मांडव आठवतात. मला बकरी आठवते. बकरीच्या मागोमाग रविवारची उपासना, पाळकांचा उपदेश आणि दाराशी उभ्या असलेल्या बाई. आठवणी नीट रांगेत येत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

मुर्रीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांना लागून आमचं छोटं चर्च आहे. मंडळी इतकी थोडी की मागे कोणी खोकलं तरी पुढे बसलेल्यांना नाव कळावं. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं नेमकी आमच्याच छपरावरून घिरट्या घालतात, त्यामुळे पाळकसाहेबांना उपदेशात मधेमधे थांबायची सवय झालेली. विमान गेलं की ते अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे चालू करत. मी बाजाची पेटी वाजवायचो, म्हणजे गाणाऱ्यांना गाठायचा प्रयत्न करायचो. आणि दाराशी बाई. सारा जन्म दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलेला, त्यामुळे आवाजात इंजेक्शन देण्यापूर्वीची जरब शिल्लक होती. त्या "बसा" म्हणाल्या की बसायचंच, दुसरा काही मार्ग आहे असं कोणाला वाटतच नसे.

दर रविवारी बाई आपल्या अंगणातल्या झेंडूची माळ ओवून आणत आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवत. ही माळ नव्या माणसासाठी. प्रभूच्या दारी जो पहिल्यांदा येईल त्याच्या गळ्यात ती घालायची, त्याला पुढच्या खुर्चीवर बसवायचं, आणि उपासना संपली की त्याच्याकडून दोन शब्द ऐकायचे. तोवर कोणी त्याला काही विचारायचं नाही, हा बाईंचा कडक नियम. "आलेल्याला कायले आला म्हणून विचारणं म्हणजे हाकलणंच," असं त्या म्हणत. अडचण एवढीच होती की नवा माणूस येत नसे. एवढ्या वर्षांत कोणी म्हणजे कोणी आलं नव्हतं. उपासना संपली की बाई माळ काढून कडुनिंबाखाली बांधलेल्या आपल्या बकरीला घालत. गळ्यात नव्हे, तोंडात. आमच्या स्वागताचा लाभ इतकी वर्षं फक्त त्या बकरीने घेतला, आणि ती चांगली गलेलठ्ठ झाली होती. आम्ही हसायचो. बाई मात्र मला एकदा म्हणाल्या होत्या, "मरायच्या आधी एका तरी माणसाच्या गळ्यात घालीन." त्या हे हसत म्हणाल्या नव्हत्या, आणि त्यानंतर त्या खिळ्याकडे बघून मला हसू येईनासं झालं.

रोवण्याचे दिवस होते; पऱ्ह्यातली धानाची रोपं उपटून बांध्यांत लावायची सगळीकडे घाई. पाळकसाहेब पाचारणावर बोलत होते. प्रभूने हाक मारली आणि कोळ्यांनी जाळी तिथेच टाकली. कुठे जायचं, किती दिवस, जेवणाचं काय, एक प्रश्न नाही. उठले आणि मागे निघाले. "आपण निघालो असतो का?" असं त्यांनी विचारलं आणि विमान आलं. त्याच वेळी दारात एक माणूस उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत, पाय चिखलाने माखलेले, डोळे लाल, हातात काठी. आम्ही बाकी सगळे बावरलो. बाई बावरल्या नाहीत. त्यांनी खिळ्यावरची माळ काढली, त्याच्या गळ्यात घातली, हातातली काठी छत्री ठेवावी तशी कोपऱ्यात ठेवली आणि दंडाला धरून त्याला पुढच्या खुर्चीवर आणून बसवलं. तो "अवं बाई, आयका तं," म्हणत होता. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. 

त्याची खुर्ची माझ्या पेटीला लागून होती. तो वाकून माझ्या कानात म्हणाला, "थे बकरी कोनाची हाय जी? माह्या पऱ्ह्यात घुसून राहिली. अर्धा पऱ्हा खाल्ला तिनं. उद्या रोवणा हाय, बाया सांगून ठेवल्या." मी खिडकीतून कडुनिंबाकडे पाहिलं, तर खाली नुसतं दावं पडलेलं. मी मागे वळून पाहिलं. बाई दाराशी हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तो पाहवेना. आता हा माणूस तोंड उघडणार, आणि बाईंची सगळी वर्षं त्या बकरीच्या पोटात जाणार. मी शेवटचं गीत जमेल तितकं लांबवलं. कोणी न सांगता एक कडवं पुन्हा घेतलं. मंडळींनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण गायली बिचारी.

शेवटी बाईंनीच त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. त्याने तोंड उघडलं आणि विमान आलं. आम्ही सवयीप्रमाणे हसऱ्या चेहऱ्याने थांबलो. एवढी माणसं आपल्याकडे प्रेमाने बघत आहेत आणि आपल्या गळ्यात झेंडूची माळ आहे, अशा स्थितीत राग टिकवून धरणं फार कठीण असतं. विमान गेलं तेव्हा त्याचा आवाज बराच खाली आला होता.

"मी तं भांडाले आलो होतो जी," तो म्हणाला, आणि बकरीची सगळी हकिगत सांगितली.

बाईंचा चेहरा उतरला.  मग त्या हळूहळू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बकरी माझी आहे. भांडायला का होईना, आलात ना तुम्ही? मग बोला. मी ऐकून राहिले."

 त्याने माळ चाचपली, पाळकसाहेबांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "बोलू काय आता?" तो म्हणाला. "चला माह्या मागं. डोळ्यांनंच पाहा."

पाळकसाहेबांच्या हातात पवित्र शास्त्र अजून त्याच पानावर उघडं होतं. अर्धा तास जी गोष्ट त्यांनी आम्हाला पटवून सांगितली, ती आता धोतर नेसून समोर उभी होती. त्यांनी एकदा आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे, आणि पुस्तक मिटून ते त्याच्या मागे निघाले. मग आम्हीही निघालो. पुढे माळ घातलेला शेतकरी, मागे पाळक, त्यांच्या मागे रविवारच्या कपड्यांतली अख्खी मंडळी, अशी ती मिरवणूक बांधावरून निघाली.

बकरी तिथेच होती आणि खात होती.

आमच्यात धानवाले बरेच. कोणी म्हणालं, आमचा पऱ्हा उरून राहिला; कोणी म्हणालं, आमच्याकडूनही घ्या. संध्याकाळपर्यंत पऱ्ह्याच्या जुड्या येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही काही जण रोवायलाही गेलो. पाळकसाहेब शेतकरी घरातले, त्यांचा हात चालला. माझ्या ओळी पाहून शेताचा मालक म्हणाला, "पेटी वाजवता तसंच रोवून राहिले काय जी?" बाई बांधावर छत्री धरून बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की छत्री पाण्यात पडली.

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. दफनाच्या दिवशी तो आला, स्वतःच्या बांधावरच्या झेंडूची माळ घेऊन. काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो दाराशीच उभा राहिला. मी त्याला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. त्याने माळ बाईंच्या शवपेटीवर ठेवली आणि मोठ्याने रडला. निघताना बकरी त्याच्या मागे गेली. दावं कोणी धरलं नव्हतं. पाळकसाहेब नंतर मला म्हणाले की पाचारणाला इतकं बिनतक्रार उत्तर आमच्या चर्चमध्ये आजवर कोणी दिलेलं नाही.

तो आमच्या मंडळीत आला नाही, आणि ये म्हणून आम्ही कोणी त्याला म्हणालो नाही. गावच्या देवळात तो भजनाला झांजा वाजवतो, आणि माझ्यापेक्षा तालात वाजवतो. पण दर वर्षी रोवणा संपला की पुढच्या रविवारी तो सकाळीच येतो, खिळ्याला माळ अडकवतो आणि बाईंच्या जागी उभा राहतो. बाईंचा नियम त्याला पाठ आहे. "कोनी आला तं इचारायचं नाही, आधी बसवायचं," असं तो मलाच बजावतो. नवा माणूस अजून आलेला नाही. म्हातारी झालेली बकरी त्याच्या पायाशी उभी असते. तो रस्त्याकडे बघतो, ती माळेकडे. कोणीतरी यावं म्हणून एक थांबलेला, कोणी येऊ नये म्हणून दुसरी, आणि दोघं एकाच दारात.