आप्पांच्या कमरेसाठी आणलेला बॉयलर

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसणारच आहात तुम्ही, पण निदान तोंडातला घोट आधी गिळून घ्या. माझा शर्ट पांढरा आहे.

त्या दुष्काळाच्या सालांत आपल्याकडं पाणी म्हणजे काय चीज झालं होतं, आठवतं ना? हर्सूलचं तळं पार तळाला गेलेलं, आणि आम्ही नेमके त्याच बाजूला नव्या सोसायटीत राहायला गेलेलो. बिल्डिंगी भराभर वर चालल्या होत्या, बोअर भराभर खाली. नळाला पाणी कधी येणार ते नळालाही ठाऊक नसायचं. टँकर यायचा, पण त्याचं पाणी इतकं खारं की अंगाला साबण लावला तर फेसाऐवजी राग यायचा. प्यायला विकतचा जार.

अशात आमच्या सासऱ्यांची कंबर धरली. आप्पा म्हणतो आम्ही त्यांना. कन्नडला शेती, आणि दवाखान्याशी जन्मात संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, वाफेचा शेक द्या. मी फोनवर सांगून टाकलं, "आप्पा, इकडं या. मी बघतो."

हे 'मी बघतो' आहे ना, तिथंच सगळं बिघडलं.

मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बंद पडलेलं मशीन चालू करायचं, याचाच मला पगार मिळतो. तेव्हा जरा थाटातच मी घरगुती स्टीम बॉयलर मागवला. मोठ्या कुकरएवढं यंत्र आणि सोबत कापडी तंबू. माणसानं तंबूत खुर्चीवर बसायचं, चेन लावायची, मुंडकं तेवढं बाहेर. बॉयलरची वाफ नळीनं आत. आणि पाणी किती? दोन लिटर! दुष्काळात याहून शहाणी आंघोळ असते का, सांगा?

खाऱ्या पाण्यानं यंत्रात क्षार धरतात. म्हणून सकाळी मी जारमधलं होतं नव्हतं ते सगळं पाणी बॉयलरात ओतलं, झाकण लावलं आणि बायकोला, सुनीताला, जाता जाता सांगितलं, "यात गोडं पाणी भरून ठेवलंय गं, आप्पांसाठी." आणि आप्पांना आणायला स्टँडवर गेलो.

आप्पा आले, वाकूनच आले. जेवताना मात्र खूश. "पोरी, डाळ काय मऊ शिजलीय गं! शेरात असली डाळ?" सुनीता नुसती हसली.

जेवण जिरल्यावर आप्पांना तंबूत बसवलं. चेन लावली. बटण दाबलं.

काही नाही. दिवासुद्धा नाही.

"वाफ आली का, पाव्हणं?" मुंडक्यानं विचारलं.

"येतीय आप्पा. तापायला वेळ लागतो."

प्लग काढून परत लावला. नाही. स्वयंपाकघरातल्या बोर्डाला लावला. नाही. त्याच बोर्डाला मिक्सर लावला, तर तो असा भुर्रर्र झाला की समोरचे कुलकर्णी काका काय झालं ते बघायला आले. मागून वरच्या मजल्यावरचे वाहिदभाई. आपल्या शहरात बिघडलेल्या मशीनजवळ माणूस एकटा राहूच शकत नाही.

काकांनी तंबूसमोर उभं राहून रीतसर नमस्कार केला. आप्पांचे हात आत. त्यांनी मान हलवून परत केला.

"व्होल्टेज," काका म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही."

"नहीं काका, ये अर्थिंग का लफडा है," वाहिदभाई म्हणाले. "हमारे गीजर का भी ऐसाच हुआ था."

मी दोघांकडं बघून तज्ज्ञासारखा हसलो आणि आत आवाज दिला, "सुनीता, चहा टाक गं!"

चहा आला. तिघांनी बशीत ओतून प्यायला. आप्पांना सुनीतानं स्वतःच्या हातानं पाजला. वाहिदभाई म्हणाले, "वा भाभी! टँकर के पानी की चाय लगतीच नहीं!"

मग मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी.

"सर, टाकीत पाणी आहे ना?"

"मॅडम, मी स्वतः मेंटेनन्सवाला आहे. सकाळीच भरलंय."

"एकदा झाकण उघडून बघता का सर? पाणी कमी असलं तर..."

"मॅडम! तुमचं मशीन खराब आहे, एवढं लिहून घ्या!" आणि ठेवला फोन. काय आवाज लागला होता माझा! काकांच्या डोळ्यांत आदर दिसला.

आता पेचकस. प्लग काढला, बॉयलर उचलला आणि चक्क उलटा केला. एक थेंब सांडला नाही. मी सगळ्यांना दाखवलं, "बघा, झाकण किती घट्ट बसवलंय! बनावट चांगली आहे हो." दोघांनी माना डोलावल्या. तीन मोठी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही!

खालची पट्टी खोलली. आतल्या दोन वायरी मला संशयास्पद वाटल्या. काढल्या, पुसल्या, माझ्या मतानं योग्य जागी लावल्या. पट्टी परत बसवली. एक स्क्रू उरला, तो खिशात टाकला. अनुभवी माणूस असल्या गोष्टींचा बाऊ करत नाही.

"आलं का काही?" मुंडकं.

"झालंच, आप्पा. सुनीता, अजून एकदा चहा होऊ दे!"

आतून आवाज आला, "पाणी संपलं. बॉयलरमधलंपण संपलं."

मी पेचकस खाली ठेवला.

"कुठल्या बॉयलरमधलं?"

"आपल्याकडं किती आहेत?" सुनीता पदराला हात पुसत बाहेर आली. "तुम्हीच म्हणालात ना, आप्पांसाठी गोडं पाणी भरलंय म्हणून? जार तुम्ही रिकामा केलेला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजते का? डाळीला घेतलं, आप्पांना प्यायला दिलं, राहिलेलं चहाला काढून ठेवलं होतं."

मी झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. पाणी नसलं की ते मशीन चालूच होत नाही, हेच ती पोरगी सांगत होती.

काकांनी रिकाम्या कपात डोकावून बघितलं. वाहिदभाई हळूच म्हणाले, "मतलब, हम आप्पा की भाप पी गए?"

तंबू हलायला लागला. आप्पा आत हसत होते. मधेच "आई गं" म्हणायचे, कंबर धरायचे आणि परत हसायचे.

ठीक आहे, म्हटलं. निदान दुखणं तरी सापडलं. वाहिदभाई बिचारे वर जाऊन स्वतःच्या घरातलं गोडं पाणी घेऊन आले. टाकी भरली. झाकण लावलं. सगळ्यांच्या साक्षीनं मी बटण दाबलं.

फट्!

पंखा बंद, फ्रिज बंद, सगळं घर बंद. बॉयलरच्या बुडातून बारीक धूर. त्या दिवशी आमच्या घरात तेवढीच काय ती वाफ निघाली.

म्हणजे बघा, त्या बिचाऱ्या बॉयलरला आधी नुसती तहान लागली होती. आजारी त्याला मी पाडलं.

शेवटी सुनीतानं तव्यावर मीठ गरम केलं, फडक्यात बांधलं आणि आप्पांची कंबर शेकली. दोन-चार दिवसांत आप्पा सरळ उभे राहिले आणि कन्नडला जाऊन हा किस्सा चौकात, बाजारात, जीपमधे, जिथं माणूस दिसेल तिथं सांगत सुटले.

परवा गेलो होतो तिकडं. शेजारच्या मळ्यात कुणाची तरी मोटार बंद पडलेली, चार माणसं जमलेली. सवयीनं माझी पावलं तिकडं वळली. तर आप्पा बांधावरूनच ओरडले,

"ओ पाव्हणं! तुम्ही हात नका लावू. ती नुसती बंद पडलीय!"