मुठीवरचा अंगठा

शस्त्राचा परवाना मला शौर्यामुळे मिळाला नाही, मानपत्रामुळे मिळाला. इंग्रजांच्या काळात गोंदियाहून कोणी साहेब बदलून जाऊ लागला की गावातली प्रतिष्ठित मंडळी त्याला मानपत्र देत, आणि ते लिहायला माझ्यासारखा बेताची वकिली चाललेला माणूस लागे. मी साहेबांना न्यायाचा सूर्य केलं, दयेचा सागर केलं; एकदा तर कागदावर जागा उरली म्हणून धानावर बरसणारा मेघही केलं. यांतल्या एका सागराने जाता जाता विचारलं, तुम्हाला काय हवं? मी म्हणालो, जुनी रिव्हॉल्व्हरं बाळगण्याचा परवाना. साहेब माझ्या मनगटांकडे बघून हसला आणि सही करून गेला.

मला कुणाला मारायचं नव्हतं. जंगलातल्या वाघांनाही माझ्यापासून काही भीती नव्हती. मला आवडायचा तो आवाज: घोडा मागे ओढला की गोळ्यांची चकरी एक घर पुढे सरकते आणि कट् करून बसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्या तरी परक्या गावातल्या कारागिराने कानस घासून बसवलेलं ते घर अजून जागेवर बसतं, याचं मला नवल वाटे. न्यायालयात इतक्या नेमकेपणाने बसणारं काही मी पाहिलं नव्हतं.

आणि गोंदियाला नशीब लवकर फळायचं, कारण तिथे या वस्तूंची कुणाला पर्वा नव्हती. रेल्वेचा एक गोरा ड्रायव्हर कायमचा घरी निघाला, तेव्हा त्याने जाळीचं कपाट विकत घेणाऱ्याला रिव्हॉल्व्हर फुकट असं सांगितलं. कपाटात आमच्या घरी पुढे बरीच वर्षं लोणी राहिलं. दुसरं मिळालं बाजारातल्या एका कबाड्याकडे, तुटक्या मोटेच्या चाकाखाली. तो म्हणाला, "बाबूजी, लोहा है, लोहे के भाव ले जाइए." त्याला पोलिसांची भीती होती, मला माझ्या हावरटपणाची लाज, दोघांनीही घासाघीस केली नाही. परवान्यावर नोंद करायला गेलो की तहसिलीतला कारकून दर वेळी विचारायचा, "वकीलसाहेब, लढाई कुणाशी काढली?"

या छंदात मला एकच प्रतिस्पर्धी होता, शहराजवळच्या एका गावचे मालगुजार, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार. त्यांच्या बैठकीत मखमल लावलेल्या पेट्यांतून अकरा रिव्हॉल्व्हरं होती आणि प्रत्येकाखाली पितळी पाटी. हे अमक्या नवाबाचं, ते तमक्या सरदाराचं. साध्या माणसाचं म्हणून एकही नव्हतं. नवाबाच्या रिव्हॉल्व्हरवर रेल्वेच्या सामानाचा नंबर कोरलेला मी एकदा दाखवला, तर ते म्हणाले, "नवाबसाहेब रेल्वेने फार हिंडत."

एका पाटलीणबाईंचा निरोप आला तो भर उन्हाळ्यात. आमगाव स्टेशनापासून कोसभर आत त्यांचं गाव. त्यांचे यजमान पाटील, दोन छोट्या गावांचे मालगुजार, फाल्गुनात वारले होते. मूलबाळ नव्हतं. पाटलांकडे एक जुनं सहाबारी रिव्हॉल्व्हर होतं आणि त्याचा परवाना पाटलांबरोबरच संपला होता. कायदा सरळ होता: तीन महिन्यांच्या आत ते परवानेवाल्याला विका, नाही तर ठाण्यात जमा करा. जमा झालेली जुनी शस्त्रं ठाण्यात हातोड्याने मोडत असत. बाईंनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की गोंदियाचा एक वकील असले तमंचे सांभाळतो, मोडत नाही.

मी गेलो. बाई ओसरीत बसल्या होत्या. साठीच्या, उंच, आवाज असा की धानाच्या बांधीतल्या माणसाला घरातून ऐकू जावा. त्यांनी लाल फडक्यातून रिव्हॉल्व्हर काढून पाटावर ठेवलं. नळीवर, चकरीवर, मुठीच्या खाचांत तेल, हळद आणि कुंकू यांचा जाड थर. दर दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची आणि वर्षभर ते तसंच देवघरात राहायचं.

"पाटील चालवत होते का?" मी विचारलं.

"एकडाव चालवला. आमच्या लग्नात," बाई म्हणाल्या. "मांडवात आले आन् आभायात उडवला. धानाच्या तनसाचा ढीग होता बाजूले, तो पेटला. मी मालकाले पयल्यांदा पाहिलं ते हातात पान्याची घागर घेऊन पळताना. माझी माय रडून राहिली, म्हने कोनाले देली पोरगी! मी हासून राहिली."

"मग?"

"मग कायले चालवतीन? पुजत होते."

किमतीचं मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "नारळ आन् सव्वा रुपया ठेवा पाटावर. फुकट देल्ला म्हणून कोनी म्हनू नये. पन दसऱ्याले त्याले घरी आनजा. एक दिवस पाटावर बसन, मग घेऊन जाजा. दर साली. जमन का?"

इतका उदार सौदा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. जमेल म्हणून मी देवासमोर सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

आता पुढचं सांगायला मला आजही बरं वाटत नाही. घरी आल्यावर मी बाह्या सरसावल्या. घासलेट, राख, गोडं तेल, बांबूची काडी, बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. बायको बाजूला येऊन उभी राहिली. मुठीवरच्या कुंकवात एक अंगठा उमटलेला होता, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

"हा ठसा कुणाचा?" तिने विचारलं.

"मळ आहे," मी म्हणालो.

"मळाला रेषा नसतात."

मी तुकडा फिरवतच राहिलो, कारण तेवढ्यात नळीवर वेलबुट्टी दिसू लागली होती. दोन दिवस मी जेवायलाही हाक मारायला लावली. थराखालून बनवणाऱ्याचं नाव निघालं, नंबर निघाला, चकरीवर हरणामागे धावणारे कुत्रे निघाले. अक्रोडाची मूठ मधासारखी चमकायला लागली. चकरी फिरवली, कट्. माझ्याकडच्या सगळ्यांत ते सुंदर होतं.

मालगुजारांना वास लागला. आले, खुर्चीत बसले आणि भिंग लावून कुत्रे मोजले. मग म्हणाले, "माझ्याकडची कुठलीही दोन उचला. पेटीसकट."

"नवाबाचंही?"

"नवाबाचंही. याची पाटी मी ठरवलीसुद्धा."

दोनाला एक! मी भुलत नाही असं दाखवलं. म्हणालो, दसरा होऊ द्या, मग बघू. मनात मात्र मी पेट्या निवडत होतो. बाईंना दर दसऱ्याला दाखवायला तेच न्यायचं होतं हे आठवत होतं, पण वकिलाच्या डोक्यात वाटा लवकर निघतात. वर्षातून एक दिवस मालगुजारांकडून मागून आणता येईल, असा करार मी झोपण्यापूर्वी तीनदा लिहिला.

दसऱ्याला सकाळच्या गाडीने आमगावला उतरलो. बाईंनी बैलांची हलकी रेंगी पाठवली होती. दोन्ही बाजूंना बांध्यांत लवकर येणारा हलका धान पिवळा पडला होता, तलावावर शिंगाडे काढणाऱ्या बाया एकमेकींना ओरडून काही सांगत होत्या. माझ्या मांडीवर नवीन रेशमी पिशवी होती. ती उघडल्यावर बाईंचा चेहरा कसा होईल, हे मी वाटभर बघत होतो.

पाट मांडलेला होता, आपट्याची पानं, झेंडूची फुलं, हळदकुंकवाची वाटी. मी रिव्हॉल्व्हर ठेवलं. ओसरीवरच्या उन्हात ते लखलखलं. बाई वाकल्या. त्यांनी ते हातात घेतलं, मूठ एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या बाजूने, आणि पुन्हा पहिल्या बाजूने.

"हा आमचा नोहे जी," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. मी परवाना काढला, नळीखालचा नंबर दाखवला, कागदावरचा नंबर वाचला. पुराव्यात कुठे फट नव्हती.

"लंबर बरोबर असन," बाई म्हणाल्या. "पन मालकाचा अंगठा कोठी गेला?"



"मागच्या दसऱ्याले त्याहीनं लावला होता. तिसऱ्या दिसी ताप भरला, मंग उठलेच नाही. तो एक होता, तो तुमी पुसला." आवाज चढला नव्हता, एरवी बांधीपर्यंत जाणारा तो आवाज आता पाटापर्यंत कसाबसा पोचत होता. "देवाच्या पाटावरचं कुंकू कोनी पुसते का जी? मी सांगतलं नाही. कायले सांगू? कोनी पुसन असं वाटलंच नाही."

आयुष्यात मी हरलेले खटले बरेच. पण स्वतःचा गुन्हा कबूल केला तो याच एकात. चुकलो, एवढं म्हणालो. लखलखीत रिव्हॉल्व्हर दोघांच्या मध्ये पडून होतं आणि त्यावरचे कुत्रे हरणामागे धावत होते.

"तुम्हाला हवं तर हे इथेच ठेवा," मी म्हणालो. "ठाणेदाराला मी बघून घेईन." कायद्याविरुद्ध मी दिलेला तो एकच सल्ला.

"आन् मंग? तो येऊन हातोड्यानं मोडन. तुमी पुसला तरी मोडला तं नाही." त्यांनी पाटावरची आपट्याची पानं सारखी केली. कुंकू लावायला घरात पुरुषमाणूस नव्हता आणि विधवा म्हणून त्या स्वतः कुंकवाला हात लावणार नव्हत्या. त्या काळची रीत तशी होती. शेवटी त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "लावा."

"मी?"

"पुसनाऱ्यानंच लावावं."

मी तेलात कुंकू कालवलं आणि मधासारख्या चमकणाऱ्या त्या मुठीवर अंगठा दाबला. बाईंनी वाकून पाहिलं.

"लहान हाये तुमचा अंगठा," त्या म्हणाल्या. "मालकाचा हा येवढा होता." आणि बोटांनी दाखवला तो एवढा मोठा होता की पाटील हयात असते तर त्यांनीही हरकत घेतली असती. मग त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी पुरणपोळी वाढायला सांगितली.

परत येऊन मी मालगुजारांना नाही म्हणून कळवलं. ते तीन द्यायलाही तयार होते. माझं डोकं फिरलं असा त्यांचा समज झाला आणि तो त्यांनी गावभर ऐकवला.

त्यानंतर नऊ दसरे मी आमगावला गेलो. महायुद्धात गाड्यांना उभं राहायला जागा नसे, तेव्हाही. दर वर्षी जुन्यावर नवा अंगठा. मी काही पुसायचो नाही आणि बायको ते कपाट झाडायलासुद्धा कुणाला देत नसे. बाई दर वर्षी वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "औंदा थोडा मोठा झाला." शेवटच्या दसऱ्याला त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी मूठ हातात घेऊन थरावरून बोट फिरवलं, बराच वेळ, आणि रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं. पौषात त्या गेल्या.

पुढे झेंडा बदलला आणि साऱ्या परवानेवाल्यांना शस्त्रं पुन्हा दाखवायला बोलावलं. टेबलामागे नवा, तरुण अधिकारी होता. त्याचं मानपत्र अजून कुणी लिहिलं नव्हतं. माझी बाकीची रिव्हॉल्व्हरं त्याने भराभर पाहिली आणि या लाल गोळ्यापाशी थांबला. नखाने खरवडू लागला, तसा मी नकळत हात पुढे केला.

"वकीलसाहेब, बनवणाऱ्याचं नाव दिसत नाही, नंबर दिसत नाही. साफ करून आणा."

"एकदा केलं होतं, साहेब," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जुन्या परवान्यावरचा नंबर उतरवून घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: निकामी, पूजेचे. दसऱ्याला आठ दिवस होते. रिव्हॉल्व्हर लाल फडक्यात गुंडाळून मी घरी आणलं.