कानवाल्या बाईंचा नवरा

औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर कान तपासण्याचं केंद्र होतं. पाटी डॉक्टरांच्या नावाची, पण लोक म्हणायचे, "कानवाल्या बाईंकडे जायचंय." डॉक्टर आठवड्यातून दोनदा उगवायचे. कान तपासणं, मशीन बसवणं आणि भांडणं मिटवणं सगळं बाईंच्या अंगावर. भांडणं अर्थातच नवरा-बायकोची. एखादी बायको तणतणत यायची, "मी ओरडून मरते आणि हे ढिम्म!" बाई तिला बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि तपासणीच्या कागदावरची घसरत गेलेली रेघ दाखवायच्या. "अहो, मुद्दाम नाही करत ते. खरंच ऐकू येत नाही त्यांना." अकरा वर्षांत या एका वाक्याने बाईंनी किती संसार सावरले, त्याला गणती नाही.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं? नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कामाला वाघ, स्वभावाने गरीब. पण संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, की कानावर हेडफोन चढायचा आणि पडद्यावर ऑनलाइन खेळातली लढाई जुंपायची. टोळीत चौघे. बाकीचे तिघे कुठल्या कुठल्या गावचे, एकानेही दुसऱ्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्यांच्याशी हा माणूस खदखदून हसायचा, "डावीकडे बघ, डावीकडे!" करत घर डोक्यावर घ्यायचा. दाराची घंटा कळावी म्हणून एक कान मात्र उघडा ठेवायचा. त्या उघड्या कानाशी बायको बोलली, की उत्तर ठरलेलं. गीझर बिघडलाय. "हं." पाहुणे येणार आहेत. "हं." एकदा बाईंनी चिडून सांगून पाहिलं, "मी चालले माहेरी, कायमची!" तेव्हाही "हं", आणि वर अंगठा.

तीन आठवड्यांपूर्वी बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागेल, आणि शेजारच्या नसेला धक्का लागला तर आवाज कायमचा बसू शकतो, असं सर्जन म्हणाले. त्या संध्याकाळी नवऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून बाईंनी सगळं सांगितलं. गाठ, आवाज, बुधवारची तारीख.

"हं," तो म्हणाला.

दुसरी कोणी असती तर तिने तो हेडफोन खेचून खिडकीबाहेर भिरकावला असता, आणि तिला कुणी नावं ठेवली नसती. पण बाईंच्या डोक्यात अकरा वर्षांची नोकरी मुरलेली. दिवसभर लिफ्टच्या मोटारींचा घरघराट, संध्याकाळी कानात गोळीबार, म्हणजे कान गेलेच असणार! बाईंना चक्क हायसं वाटलं. नवरा वाईट नाही, बहिरा होतोय. आता याला समाधान म्हणायचं तर म्हणा.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी, केंद्र बंद असताना, त्या त्याला तिथे घेऊन गेल्या. नियमाप्रमाणे मोबाइल बाहेर ठेवून घेतला. त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, तपासणीचे हेडफोन दिले. ते चढवायला शिकवावं लागलं नाही. ऐकू आलं की बटण दाबायचं. काचेच्या अलीकडे बसून बाईंनी सूर सोडला. त्याने दाबलं. आवाज कमी केला. दाबलं. चांगल्या कानाच्या माणसालाही श्वास रोखून ऐकावा लागेल इतका कमी केला. दाबलं. दुसरा कानही तसाच. बाईंनी वायरी तपासल्या, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा सगळी चाचणी घेतली. रेघ जिथल्या तिथे, सरळ.

बाई थिजल्या. म्हणजे गीझर ऐकला होता. माहेर ऐकलं होतं. गाठसुद्धा.

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा मोबाइल थरथरला. पडद्यावर टोळीतल्या 'कॅप्टन'चा निरोप होता: "दादा, वहिनींचं ऑपरेशन बुधवारीच ना? काल तू रडलास तेव्हापासून आम्हा तिघांना चैन नाही."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. रडला? हा? ज्या गोष्टीचा बाईंनी अजून सख्ख्या आईलाही पत्ता लागू दिला नव्हता, ती तीन परक्या पुरुषांना माहीत होती, आणि ते बाईंसाठी जीव खालीवर करत होते! त्यांनी माइकचं बटण दाबलं.

"मी गाठीचं सांगितलं, ते ऐकलं होतंस तू?"

काचेपलीकडे तो दचकला. मग गुडघ्यांकडे बघत म्हणाला, "हो."

"सगळं?"

"सगळं. बुधवारी सकाळी सात. रजा टाकलीय मी."

"मग माझ्याशी एक शब्द का नाही बोललास?"

"तुझ्या तोंडाकडे बघून जमत नाही गं. मी तर नुसता हं म्हणतो, घरात बोलतेस ती तूच. तो आवाजच गेला तर काय करायचं मी? त्या पोरांना सांगू शकलो, कारण ती दिसत नाहीत."

आणि तो बोलत सुटला. दहा मिनिटं. गाठीचं कळल्यापासून लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एकटाच कसा बसून राहतो ते, कपाटातला तिचा रिपोर्ट चोरून किती वेळा वाचला ते. नऊ वर्षांच्या संसारात बाईंनी त्याच्या तोंडून एवढं कधी ऐकलं नव्हतं. त्याने काचेकडे एकदाही पाहिलं नाही. बाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटत होत्या, आणि हात मात्र बटणावरून हलत नव्हता.

शेवटी त्या उठल्या. जड दार उघडून आत गेल्या, त्याच्या कानांवरचे हेडफोन स्वतःच्या हाताने उतरवले आणि त्याच्यासमोर बसल्या.

"आता हेच बोल. माझ्याकडे बघून. एक वाक्य पुरे."

त्याने पाहिलं. ओठ हलले. खोली इतकी शांत होती की त्याने आवंढा गिळलेलाही ऐकू आला.

"हं," तो म्हणाला.

मग त्याचा हात हळूच त्यांच्या मांडीवरच्या हेडफोनकडे आला, आणि बाईंनी ते त्याला देऊन टाकले. बाहेर येऊन दार लावलं, काचेच्या अलीकडे खुर्चीत बसल्या आणि माइकचं बटण दाबलं. बुधवारला तीन दिवस होते, आणि त्यांचा आवाज अजून शाबूत होता.